आधी मागचं काम पूर्ण करा

माझ्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतसुद्धा मला नुसतं उभं राहवत नसे. ओट्याशीच पॉलिश पेपर घेऊन मी एखादी पट्टी घासत राहायचे, आणि मग कोशिंबिरीत भुसा आला की घरात तोंडं वाकडी व्हायची. आमचे हे म्हणायचे, "देवासात पाण्याची टंचाई आणि तुझ्याकडे धीराची." म्हणोत बापडे. टँकरच्या रांगेत बादली ठेवून मधल्या वेळात मी घरी येऊन चार खिळे ठोकून परत जायचे, पण बादलीचा नंबर कधी चुकू दिला नाही.

लाकडाचं वेड माहेरचं. माहेर धारचं. वडील तिथल्या शाळेत काष्ठकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात त्यांचं स्वतःचं काम चालायचं. मुलीच्या हातात रंधा कशाला, असं म्हणणारे आमच्या आळीत होतेच. वडिलांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाले, बोटं सांभाळ, बाकी काही बिघडत नाही. माईची, म्हणजे माझ्या आईची, एकच अट होती. देवघरात भुसा यायचा नाही. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या धारला, पूर्वी दरबारच्या नोकरीत. तो काळ गेला, पण माईच्या बोलण्यातून गेला नव्हता. ती मला रागावली की 'अगं' सोडून 'अहो बाई' वर यायची, आणि ते 'अहो बाई' मारापेक्षा जास्त लागायचं.

लग्न होऊन देवासला आले ती कारखान्याच्या वसाहतीत. इथली मराठी माणसं वेगळी. नोकरीसाठी सातारा, सांगली, जळगाव इकडून आलेली, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहणारी, रिटायर झालो की परत जाऊ म्हणणारी आणि न जाणारी. माझं धारचं मराठी ऐकून त्यांना गंमत वाटायची आणि हातातली करवत बघून जास्तच. वसाहतीत माझं नाव 'धारवाली सुतारीण' पडलं. मला राग आला नाही, उलट जरा बरंच वाटलं. कारखान्यात परदेशातून यंत्रं यायची ती मोठमोठ्या पेट्यांमधून, आणि त्या पेट्यांचं पांढरट, हलकं, डिंकाचा वास असलेलं लाकूड हे माझ्यासाठी घेऊन यायचे. मागच्या व्हरांड्यात माझं राज्य होतं.

फक्त माझ्या हातून काही पुरं होत नसे. स्टूल तीन पायांवर भिंतीला टेकून उभं. कपाटाला दार नाही. खुर्चीला पाठ नाही, म्हणून तिच्यावर लोणच्याच्या बरण्या. एखादं काम आकाराला आलं की दुसरं डोक्यात भुणभुण करायला लागायचं, आणि पहिल्यावर शेवटचा हात फिरवणं मला शिक्षा वाटायची. पाहुणे आले की हे त्यांना व्हरांडा दाखवायचे आणि म्हणायचे, "हे आमचं मांडू. सगळं भव्य आणि सगळं अर्धं." मांडूत निदान पडझड झाली आहे, माझ्याकडे मुळात उभारणीच झाली नव्हती. मी हसायचे, आणि आत कुठेतरी चडफडायचे.

दोन हजार सालाच्या आसपास आमची एकुलती एक मुलगी कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. तेव्हा देवासात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता, आणि तो कुठल्या तरी खऱ्या गिऱ्हाइकासाठी हवा होता. तिच्या वर्गातल्या मुलांनी मनानंच मेडिकल स्टोअर आणि लायब्रऱ्या उभ्या केल्या. आमच्या बाईसाहेबांना खोटं चालत नाही. तिनं एके दिवशी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि वही उघडली.

"आई, इथे बस. तू माझी क्लायंट आहेस. क्लायंट लोक असे उठून-उठून जात नाहीत."

"मग क्लायंटनं भाजी जळू द्यायची का?"

"गॅस बंद कर न. बता, तू काम सुरू कसं करते?"

"डोक्यात येतं, करते."

"आणि संपतं केव्हा?"

तिनं मान वळवून व्हरांड्याकडे पाहिलं, तीन पायांच्या स्टुलावर तिची नजर जरा जास्तच थांबली. "समझ गई," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्यातून जो प्रोग्राम तयार झाला तो मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. निळा पडदा, पांढरी अक्षरं. कामाचं नाव, लाकूड कोणतं, कुठून आलं, कुठला तुकडा किती लांबीचा, सुरू कधी, पूर्ण कधी. भाषा मराठी पण अक्षरं रोमन, कारण मुलगी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरी फडाफडा मराठी बोलायची पण छापील मराठी वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी तिची गाडी अडायची. आणि पडद्याच्या खाली शेवटचा एक रकाना होता, 'कोणासाठी'.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कोणासाठी ते तुला माहीत नसतं न, म्हणून तुझी कामं लटकून राहतात. सुरू करताना रिकामं ठेव, चालेल. पण हे भरल्याशिवाय काम पूर्ण होणार नाही."

पण तिची खरी शक्कल पुढेच होती. समोरचं काम पूर्ण झाल्याची नोंद होईपर्यंत नवीन काम उघडायचंच नाही. जबरदस्ती केली की यंत्र 'टूं' करून शिट्टी मारायचं आणि पडद्यावर ओळ यायची: आधी मागचं काम पूर्ण करा. ती ओळ पाहून मी तिला विचारलं की खोडायचं बटण कुठे आहे.

"नाही दिलं. लिहिलं ते लिहिलं. नाही तर तू रोज एक खोडशील."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी म्हणे तिला विचारलं, इतकी सक्ती क्लायंट मान्य करेल का? ती म्हणाली, "सर, क्लायंट माझी आई आहे. ऐकत नाही म्हणूनच तर बनवलंय."

पहिले काही दिवस मी त्या यंत्राशी कडाकडा भांडले. एवढीशी पोर आणि तिच्या शिट्टीवर मी नाचायचं? पण तिनं व्हरांड्यातली सगळी अर्धवट कामं माझ्याशेजारी बसून एकेक करून कागदावर उतरवली आणि त्यांचा क्रम लावला. कागद दाराला चिकटवला, यंत्रात पहिलं काम भरलं. आता नवीन काही सुचलं की आधी जुनं निस्तरणं आलं. स्टुलाला चौथा पाय लागला, 'कोणासाठी'मध्ये मी तणतणत 'दूधवाल्याला टेकायला' असं भरलं, आणि शिट्टी न वाजता पुढची रिकामी ओळ उघडली. त्या रिकाम्या ओळीची मला चटक लागली. खुर्चीला पाठ आली ती शेजारच्या आजोबांसाठी. कपाटाला दार आलं. वर्ष सरलं तेव्हा व्हरांड्यातून माणूस सरळ चालत जाऊ शकत होता, आणि ह्यांचं मांडू बंद पडलं. ते बरेच दिवस उदास असल्याचं नाटक करत होते.

मग मुलीला पुण्याला नोकरी लागली. दोन-तीन वर्षांत लग्नही झालं, जावई तिच्याच क्षेत्रातला. तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडेच राहिला, वर क्रोशाचं झाकण घालून. बाहेर जगात प्रोग्रामांच्या नव्या नव्या तऱ्हा निघत होत्या, ती फोनवर सांगायची, आई तुला आता नवीन बनवून देते, रंगीत. मी म्हणायचे, मला माझी शिट्टीच बरी. खरं सांगायचं तर ती शिट्टी म्हणजे घरात राहिलेला तिचा आवाज होता.

दिवस राहिल्याची बातमी तिनं फोनवर दिली तेव्हा माझ्यापुढे एक पाट अर्धा होता. तो मी त्याच दिवशी पुरा केला. पुढचं काम लगेच उघडायचं होतं ना. 'कोणासाठी'मध्ये काय भरलं ते आठवतसुद्धा नाही. नव्या ओळीवर मी टाइप केलं, 'पाळणा'.

लाकडासाठी धार गाठलं. पेटीचं लाकूड नातवंडासाठी कसं चालेल? लाकडाचा टालवाला, म्हणजे वखारवाला, ओळखीचा, वडिलांच्या वेळेपासूनचा.

"भिया, पुराना सागवान है क्या? एकदम सूखा चाहिए."

"है न दीदी. निसरपुर तरफ का आया है. उधर डूब में घर आ रहे हैं, लोग उतार-उतार के बेच रहे हैं."

धरणाच्या पाण्यात बुडणाऱ्या कुणाच्या तरी घरातली, चुलीच्या धुरानं काळी झालेली ती तुळई होती. त्यानं एका कडेला रंधा मारून दाखवला तर आत मधासारखा रंग. मधोमध एक लोखंडी कडी अजून तशीच अडकलेली, आणि कडीखालचं लाकूड घासून गुळगुळीत झालेलं. तिथे कुणाचा तरी झोपाळा किंवा पाळणा लटकत असणार. वाईट वाटलं, आणि तरीही तीच तुळई मी घेतली. कडीसकट घेतली.

धारला आलेच होते म्हणून माईकडे गेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, माई भावाकडे असायची. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग तिनं जपमाळ खाली ठेवली.

"अहो बाई, मूल घरात आल्यावर पाळणा. आधी करीत नाहीत."

"माई, मी फक्त कॉम्प्युटरात लिहिलंय. लाकडाला अजून हात नाही लावला."

तिनं या मुद्द्यावर खरोखर विचार केला. असला प्रश्न तिच्या सासूबाईंपुढे आला नसणार. शेवटी म्हणाली, "लिहिण्यास हरकत नसावी. रंधा मात्र लावू नका."

मी कबूल केलं आणि देवासला येऊन खरंच लिहीतच राहिले. तळाची फळी, कठड्याच्या दांड्या, खांब, वरची आडवी पट्टी, तिच्यात बसवायची ती कडी. मापं टाकायची, बदलायची, पुन्हा टाकायची. पुण्याहून फोन आला की मुलगी सांगायची, आज लाथ मारली, आज डोसा खावासा वाटला. पाळण्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, तिला चकित करायचं म्हणून. फोन ठेवला की माझ्या पायांना भिंगरी. बसवेना, झोपवेना, कशात लक्ष लागेना. आणि व्हरांड्यात ती तुळई पडलेली. एका दुपारी मी स्वतःशीच म्हटलं, नुसती चिरून ठेवते. चिरणं म्हणजे काही करणं नव्हे. मग म्हटलं, नुसती तासून ठेवते. हात थांबायला तयार नव्हते. सहावा महिना लागला तेव्हा सगळे भाग तयार होते, फक्त जोडणी राहिली होती.

पुण्याहून फोन आला तो सकाळचा, जावयाचा. त्याला बोलता येत नव्हतं. आम्ही दोघं इंदूरहून मिळेल त्या गाडीनं निघालो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पायांशी बसले, पाय चेपत राहिले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. तिच्या सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता तो विषय काढायचा नाही हं विहीणबाई, तिला त्रास होतो." त्या वाईट बाई नव्हत्या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे होते तेवढे दिवस मऊ भात केला, तूप वाढलं, केस विंचरले. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सगळे म्हणत होते, तरुण आहेत, होईल पुन्हा. ती लवकरच ऑफिसला जायला लागली, आणि आम्हाला वाटलं, सावरली.

देवासला परतल्यावर ह्यांनी एक शब्द न बोलता पाळण्याचे सगळे भाग जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकले. धारहून माईचा फोन आला. मी म्हटलं नव्हतं का, असं ती म्हणेल म्हणून मी मन घट्ट करून बसले होते. तिनं एवढंच विचारलं, "लेक जेवते ना?"

मग सुरू झाला तो काळ मला आठवला तरी आजही अंगावर येतो. माझं मन कशात रमवायचं तर लाकडात, आणि लाकूड हातात घ्यायचं तर यंत्रात नवी ओळ उघडायला हवी. क्रोशाचं झाकण काढायचं, कॉम्प्युटर लावायचा, आणि समोर काय? पाळणा. सुरू. पूर्णचा रकाना रिकामा. नवीन काम उघडायला गेलं की शिट्टी. आधी मागचं काम पूर्ण करा. माझ्या मुलीनं लिहिलेली ओळ, माझ्या मुलीच्याच पाळण्यावर बोट ठेवून उभी.

"कॉम्प्युटरला विचारून रंधा मारतेस का तू?" हे म्हणाले. "लावू नकोस तो. कर काय करायचं ते."

बरोबर होतं त्यांचं. मी प्रयत्न केला. पेटीची एक फळी घेतली, साधा खडूचा डबा करू म्हटलं. दोन हात मारले आणि रंधा ठेवून दिला. ज्या कामाच्या आधी पाळणा उभा आहे ते काम मला खोटं वाटत होतं. बरं, 'पूर्ण' असं दडपून लिहून टाकावं, तर त्यासाठी 'कोणासाठी' भरायला हवं. त्या रकान्यात जाऊन मी कितीदा बसले असेन. चौकट लुकलुकायची. तिथे काय लिहू? 'कोणासाठी नाही' असं लिहू? माझी बोटं वळली नाहीत. वसाहतीतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला, भाभी, फॉर्मॅट मार देता हूं, सब साफ. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

ही अडचण एकाच माणसाला चुटकीसरशी सोडवता आली असती, आणि तिलाच सांगायची सोय नव्हती. सांगायचं म्हणजे पाळणा सांगायचा. मी तो आधीच करून ठेवला होता, तो माळ्यावर आहे, आणि तिच्याच प्रोग्राममध्ये तो रोज 'सुरू' आहे. रविवारी तिचा फोन यायचा. भाजी काय केली, पाऊस झाला का, टँकर येतो का. मी बोलायचे आणि दुसऱ्या हातानं फोनची वायर पिळत राहायचे. वर्षभर मी गहू पाखडले, स्क्रू आकाराप्रमाणे लावले, पुन्हा मिसळले, पुन्हा लावले. ह्यांनी एकदा हळूच माझे हात धरून ठेवले. तेव्हा मला रडू फुटलं, आणि रडतानासुद्धा मला उठून कुठेतरी जायचं होतं.

दिवाळीला ती आली नाही. थंडीत येते म्हणाली. तेव्हा माईही आमच्याकडेच होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली, डोळ्यावर हिरवी झापड. मुलीची गाडी यायची त्या सकाळी मी कॉम्प्युटरच्या मागची एक वायर उपसली आणि ठरवलं, बिघडलाय म्हणून सांगायचं. जिचं पोट कॉम्प्युटरवर चालतं तिला कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून थोपवता येईल असं मला का वाटलं, देव जाणे.

ती वाळली होती. हसली, माईच्या पाया पडली, जेवली. दुपारी मी आणि माई उन्हात मटार सोलत बसलो होतो. आतून आवाज आला, "आई, वायर निघाली होती. किंवा कोणी काढली होती." मी उठेपर्यंत यंत्र सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग शिट्टी. एकदाच.

मी दारात जाऊन उभी राहिले. ती पडद्याकडे बघत होती.

"लाकूड कुठे आहे?"

"कोणतं लाकूड?"

"आई."

"माळ्यावर," मी म्हटलं.

तिनं स्वतः स्टूल ओढलं, तेच, दूधवाल्याचं, आणि वर चढून चादरीचं गाठोडं खाली घेतलं. व्हरांड्यात नेऊन सोडलं. एकेक भाग उचलून बघत होती. दांड्यांवरून बोट फिरवलं, कडीत बोट अडकवून पाहिलं. मला आता राहवेना.

"तुला दिसू नये म्हणून वर टाकलं होतं गं. प्रोग्राममधून काढायला येत नव्हतं, तू बटणच नाही दिलंस. तू काढून टाक. तुला येईल न?"

"येईल. नाही काढणार." तिचा आवाज चढला. "तुम्ही सगळे असे वागता जैसे कुछ हुआ ही नहीं. घरी तसंच, ऑफिसात तसंच, आणि तू रविवारी मला टँकरचं विचारते. मला वाटायला लागलं होतं की मी एकटीच आहे जिला माहीत आहे की कोणी होतं म्हणून." तिनं कठड्याची दांडी उचलून माझ्यापुढे धरली. "हे बघ. म्हणजे तुला पण माहीत होतं."

मी खाली बसले. आम्ही दोघी रडलो, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं. माई उन्हात बसल्या जागी सोललेल्या मटारांवर हात फिरवत राहिली. तिनं आम्हाला उगी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जोडणीला लागलो. मुलगी पॉलिश पेपर मारायची, मी सांधे बसवायचे. ती माझ्या वडिलांसारखी फुंकर घालून भुसा उडवते हे मला तोवर माहीत नव्हतं. हे मधे मधे येऊन काहीतरी धरून उभे राहायचे. सरस वाळला, कड्या लागल्या, पाळणा आपल्या चौकटीत लटकला. निसरपुरची ती लोखंडी कडी वर मधोमध. मग सगळेच मागे सरलो. रिकामा पाळणा घरात ठेवू नये हे आमच्या घरात लहान मुलालाही माहीत असतं.

माईनं आपला एक डोळा झाकलेला चेहरा वर केला. "वरवंटा आणा."

बारशाला आमच्यात बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, त्याला झबलं-टोपडं घालून. मी वरवंटा घासून, धुऊन आणला. माईनं आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ झालेला पदर फाडला, त्यात तो गुंडाळला, चाचपडत त्याला कुंकू लावलं, आणि मुलीच्या हातात दिला. "तूच ठेव, बाळ. आता रिकामा नाही."

मुलीनं तो दोन्ही हातांनी घेतला. वरवंटा जड असतो. ती तो छातीशी धरून जरा वेळ उभी राहिली, मग वाकून पाळण्यात ठेवला आणि एकदा, अगदी हलका, झोका दिला.

नंतर ती आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. मी तिच्या खुर्चीमागे. तिनं 'पूर्ण'वर जाऊन बटण दाबलं, आणि तिच्याच प्रोग्रामनं तिला विचारलं, कोणासाठी. चौकट लुकलुकत राहिली. मला म्हणावंसं वाटलं, राहू दे, लिही काहीही, मी जशी तणतणत लिहायचे तसं. ती लिहायला लागली. अक्षरं रोमन, मला चष्मा लावावा लागला.

'माझ्या मुलीसाठी.'

मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं. पुण्यात मी तिचे पाय चेपत बसले होते, वर्षभर दर रविवारी फोनवर बोलले होते, आणि हे मी विचारलं नव्हतं. मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं. शिट्टी वाजली नाही. पडद्यावर पुढच्या कामाची रिकामी ओळ उघडली. मी त्या ओळीकडे पाहिलं, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हात तिथेच राहू दिला.